न वाचता केलेली सही

आमच्या पाड्यात माझ्या वयाच्या बायकांमध्ये वाचता येतं ते मला एकटीला. चौथीपर्यंत शाळा झाली, मग गुरांमागे गेले, पण अक्षर विसरले नाही. सासरी आल्यावर सगळ्यांचे कागद माझ्याकडे यायचे. रेशनचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी, तालुक्याहून आलेली नोटीस. मी वाचून दाखवायचे आणि त्याचा मला ताठा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पाड्याचा जो खोटा कागद हायकोर्टात गेला, तो माझ्या सहीनं गेला. बाकीच्यांचे अंगठे होते. अंगठ्याला कोण काय विचारणार. सही करणाऱ्यानं वाचलेलं असतं असं धरतात.

खोटं होतं ते एका ओळीत. त्या ओळीपायी आमचा माळ जायची वेळ आली.

माळ म्हणजे पाड्याच्या वरचा उतार. खाली ओहोळाच्या कडेला भाताची खाचरं आहेत, पण ती थोडी. त्या भातावर वर्ष निघत नाही. वर्ष निघतं ते उतारावरच्या नागलीवर आणि वरईवर. उताराची माती पातळ असते. तिच्यातून दरसाल पीक काढलं तर थोड्याच वर्षांत खालचा दगड उघडा पडतो. म्हणून पाड्याचे माळ तीन. अलीकडचा, मधला आणि पलीकडचा. एका वेळी एकच पिकवायचा. पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी तेलासाठी खुरासणी. मग तो माळ सहा वर्षं निजवायचा आणि पुढचा उठवायचा. निजलेल्या माळावर गवत कापतात, गुरं फिरतात, पण कुदळ लावत नाहीत. उठवायचा असला की त्यावरची ऐनाची झाडं छाटतात, तो पाला पसरून वाळवतात आणि जाळतात. त्याला राब म्हणतात. त्या राखेत नागलीचं रोप होतं. कुठला माळ कधी उठणार ते पाड्याचा कारभारी सांगतो. तो माझा चुलतसासरा. दोन्ही कानांनी बहिरा झालाय, पण माळांची वर्षं त्याला तोंडपाठ आहेत.

वनहक्काच्या कायद्याखाली खाचरांचे पट्टे सरकारनं दिले. माळांचा दावा पडून आहे. पडून आहे म्हणजे नाकारलेला नाही आणि दिलेलाही नाही.

मधला माळ निजून चौथं वर्ष चालू होतं. एके सकाळी गवत कापायला गेलो तर मधोमध पत्र्याचा हिरवा फलक उभा. त्यावर झाडाचं चित्र आणि दिल्लीच्या सरकारच्या योजनेचं नाव. दूर कुठंतरी एका कंपनीला जंगल तोडायला दिलं होतं, आणि तेवढी झाडं दुसरीकडे लावून दाखवायची होती. ती आमच्या मधल्या आणि पलीकडच्या माळावर लावणार होते. फलकाखाली जंगल खात्याचा साहेब उभा होता. आणखी दोघं दोरी धरून मोजत होते.

मी म्हटलं, "हा माळ आमचा आहे."

"मावशी, हा माळ रिकामा आहे. वरून फोटो आलाय."

"वरून म्हणजे कुठून?"

"आभाळातून. उपग्रह असतो."

"मग आभाळालाच विचारा. पाड्यात कशाला आलात विचारायला?"

"विचारायला नाही आलो," तो म्हणाला, "सांगायला आलोय."

तो माणूस काही वाईट नव्हता. त्यानं खरं ते सांगितलं. आम्ही ग्रामसभा घेतली, ठराव केला, की हे तिन्ही माळ पाड्याचे आहेत आणि आम्हाला विचारल्याशिवाय इथं कुणी काही लावायचं नाही. कायद्यात तसं आहे, हे आम्हाला माहीत होतं. ठराव तालुक्याला, मोखाड्याला जाऊन दिला, पोच घेतली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. मी ते पाराजवळ उभी राहून मोठ्यानं वाचलं. "सदर क्षेत्र ओसाड व विनावापर असल्याने, नवीन नियमानुसार ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न उद्भवत नाही."

कारभाऱ्यानं कानाला हात लावून विचारलं, "काय म्हणतात?"

मी त्याच्या कानात ओरडले, "म्हणतात, आपण नाहीच."

तो म्हणाला, "मग पत्र कुणाला धाडलं?"

खड्डे खणायला सुरुवात झाली तेव्हा मजूर कुठून आणले, तर आमच्याच पाड्यातून. पहिल्या दिवशी कुदळ घेऊन वर निघाली ती माझी धाकटी जाऊ. आमची दारं शेजारीशेजारी. मी तिला वाटेत अडवलं.

"स्वतःच्या माळात खड्डे खणतेस?"

"मग वीटभट्टीवर जाऊ? इथं खणते तर दिवस बुडायला घरी तरी येते."

"उद्या नागली कुठं लावशील?"

"उद्याचं उद्या. तू कागद वाचून पोट भरतेस का, डोकरे? मला वाचता येत नाय, मला खणता येतं."

मी तिला जे बोलले ते इथं लिहीत नाही. तिनंही कमी केलं नाही. त्यानंतर आम्ही एकाच नळावर हंडे भरत होतो आणि एकमेकींकडे बघत नव्हतो. तिचं चुकलं असं मला तेव्हा वाटत होतं. आताही वाटतं. पण भूक असलेल्या माणसाला कुदळ दाखवली तर तो कुणाची जमीन ते बघत नाही, आणि ज्यानं कुदळ दाखवली त्याला हे चांगलं माहीत असतं.

वकीलबाई आली ती त्याच सुमाराला. मुंबईची. हाडकुळी, कायम घाईत, पिशवीत फोनच्या दोन वायरी. आदिवासींच्या जमिनीच्या केसी ती लढते असं जव्हारच्या एका शिक्षकानं सांगितलं होतं. ती आमच्या ओट्यावर एक दिवसभर बसली. नियम दिल्लीनं केलाय, तेव्हा केस दिल्लीच्या सरकारवरच करावी लागेल, आणि ती हायकोर्टात, असं म्हणाली. एक बाई तिथं होती, ती पुटपुटली, "सरकारवर केस केली तर रेशन बंद करतील." वकीलबाई म्हणाली, "केलं तर त्याचीही केस करू." तिच्या बोलण्यात धमक होती. मला आवडलं.

मग तिनं वही काढली.

"हे तिन्ही माळ तुम्ही कसता?"

सगळे म्हणाले, "कसतो."

"कधीपासून?"

"बाप-आजापासून."

निजलेल्या माळाचं कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. लपवायचं म्हणून नाही. तुम्ही रोज कामाला जाता का असं कुणी विचारलं, तर "जातो, पण रात्री झोपतो" असं कोण सांगतं? माळ निजतो हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नाही असं माणूस समोर बसलंय, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. तिनं वहीत भराभरा लिहिलं आणि गेली.

महिन्याभरानं जव्हारला सह्या करायला बोलावलं. आम्ही बारा जणी एका जीपमधून गेलो. एसटी स्टँडजवळ एका गाळ्यात टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं करून देणारा बसतो, तिथं. वकीलबाई स्वतः आली नव्हती, तिनं कागद धाडले होते. इंग्रजी कागद, आणि त्याला जोडून मराठी. चांगला जाड गठ्ठा होता. अकरा जणींचे अंगठे उमटवून झाले. माझी पाळी आली तेव्हा जीपवाला भोंगा वाजवायला लागला. त्याचं दाभोशाच्या धबधब्याचं भाडं होतं, त्याला उशीर होत होता. बायका भुकेल्या. कुणीतरी म्हणालं, "कर गं सही, तुला येते तर."

टेबलावरच्या माणसानं विचारलं, "आजी, वाचलंत?"

मी म्हटलं, "वाचलं."

मी पहिलं पान वाचलं होतं. त्यावर अर्ज करणाऱ्यांत माझं नाव सर्वांत वर होतं. ते दोनदा वाचलं. बाकी काही नाही.

कोर्टानं पहिल्याच तारखेला खणायचं काम थांबवलं. निकाल लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी जागेत बदल करायचा नाही, असा हुकूम आला. फलक राहिला, खड्डे राहिले, माणसं गेली. पाड्यात कुणी नाचलं वगैरे नाही. जाऊ माझ्या दारात येऊन उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "तुझ्या सहीनं माझी मजुरी गेली. आता सही उकडून घाल मला." आणि गेली.

मग सरकारचं उत्तर कोर्टात आलं. वकीलबाई ते घेऊन स्वतः आली, न कळवता, पायातली धूळ न झटकता. ओट्यावर कागद आपटले. त्यात फोटो होते. आमचाच उतार, वरून काढलेला. अलीकडचा माळ हिरव्या पट्ट्यापट्ट्यांचा. मधला आणि पलीकडचा नुसता पिवळा, गवताचा. खाली साल घातलेलं. एकामागून एक दोन सालांचे फोटो, आणि दोन्हींत तेच.

"आजी, आपण लिहिलंय की तिन्ही माळ दरवर्षी कसतो. दरवर्षी. ही तुमची सही. सरकार म्हणतंय, शपथेवर खोटं सांगितलं, अर्जच फेटाळा. हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?"

"मी विचारलं, कसता का. तुम्ही हो म्हणालात."

"कसतोच."

"दोन वर्षं गवत आहे तिथं."

"दोन नाही, मधल्यावर आता पाचवं चालू आहे. मग? तू रात्री झोपतेस, तेव्हा काय वकील नसतेस?"

"कोर्टात असं बोलता येत नाही."

"जे बोललीस ते तरी कुठं पचलं?"

ती रागानं उठली, अंगणात गेली, परत आली. मग मी तिला माळांचं सगळं सांगितलं, नागली, वरई, खुरासणी, सहा वर्षं. ती ऐकत खाली बसली. शेवटी म्हणाली, "दरवर्षी हा शब्द माझा आहे. मला वाटलं, शेती म्हणजे दरवर्षीच."

चूक कबूल करणारा शिकलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पण तिच्या चुकीखाली सही माझी होती.

ती म्हणाली, टाइप करणाऱ्याची चूक झाली असं सांगता येईल. दुसरा कागद देऊ, हा मागे घेऊ. मी म्हटलं, "टाइप करणाऱ्यानं काय केलं? एक खोटं झाकायला दुसरं खोटं. उद्या तेही वरून दिसेल. मी कोर्टात येते आणि सांगते, मी वाचलं नाही."

कारभारी म्हणत होता, केस सोडा, म्हातारपणी डोकरीला तुरुंगात घालतील. जाऊ शेजारच्या दारातून सगळं ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "आता कळलं ना शिकून काय होतं ते."

मुंबईला मी पहाटेच्या एसटीनं गेले. कोर्टाची खोली म्हणजे उंच छत, आणि खाली सगळे काळे डगले. आमची पाळी यायला दुपार झाली. सगळं बोलणं इंग्रजीत. माझा माळ, माझी सही, आणि मला एक अक्षर कळेना. सरकारचा वकील काहीतरी म्हणाला आणि आजूबाजूचे हसले. मी वकीलबाईचा डगला ओढला.

"काय म्हणाला?"

"नंतर सांगते."

"आत्ता सांग."

ती हळूच म्हणाली, "म्हणतायत, ही शेती इतकी खास आहे की देवालाही वरून दिसत नाही."

विनोद बरा होता. माझ्यावर नसता तर मीही हसले असते.

मग न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून मराठीत विचारलं, "आजी, ही सही तुमची?"

"माझी."

"वाचता येतं तुम्हाला?"

"येतं."

"मग हा कागद वाचला होता?"

"नाही."

"का?"

"जीप निघाली होती."

पुन्हा हसले. मी त्यांचं हसणं होऊ दिलं. मग म्हटलं, "त्यात दरवर्षी लिहिलंय ते खोटं आहे. माझ्या सहीनं खोटं आहे, या वकीलबाईच्या नाही. आम्ही तीन वर्षं पिकवतो आणि सहा वर्षं निजवतो. निजलेला माळ आमचाच असतो. तुम्ही सुट्टीवर गेलात तर ही खुर्ची ओसाड म्हणून कुणाला देत नाहीत."

वकीलबाईनं डोळे मिटले. न्यायाधीश रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "निजवता, याचा पुरावा काय?"

"येऊन बघा."

ते आले नाहीत. त्यांनी दोन्ही बाजूंना सांगितलं, मिळून जागेवर जा, काय दिसतं ते लिहा, सह्या करा आणि पुढच्या तारखेला द्या.

त्या दिवशी माळावर तोच साहेब आला, एक मोजणीवाला यंत्र घेऊन आला, सरकारकडचा एक नवखा वकील नव्या बुटांत आला, आणि आमची वकीलबाई. पाडा तर सगळाच आला. साहेबानं चारी बाजूंना बघितलं. गुडघाभर वाळलं गवत, आमच्या माणसांनी खणलेले खड्डे, अधूनमधून ऐनाची झाडं. म्हणाला, "मावशी, मी काय लिहू? गवत आहे. फोटोत होतं तेच आहे."

मी त्याला एका ऐनाखाली नेलं. ऐन राबासाठी छाटताना फांदी खोडापासून तोडत नाहीत. पाऊल ठेवण्यापुरता खुंट राखतात, पुढच्या वेळी चढायला उपयोगी पडतो म्हणून. त्याच्यावर नवी फूट येते, झाड वर जातं, पुढच्या छाटणीला त्याच्या वरचे खुंट राखतात. खालचे खुंट सालीत बुजून गाठी होतात. माळ उठवायच्या वर्षालाच तेवढे ऐन छाटतात, एरवी हात लावत नाहीत. म्हणजे गाठींची एक ओळ म्हणजे माळ उठल्याची एक खेप.

हे मी बोलून दाखवलं. नव्या बुटांचा वकील म्हणाला, "वाऱ्यानंही फांद्या मोडतात."

मी काही म्हणायच्या आत माझी जाऊ पुढं झाली. पन्नाशी उलटलेली बाई. लुगडं खोचलं, पहिल्या गाठीवर पाय ठेवला आणि चढली. प्रत्येक ओळीला थांबायची आणि वरून ओरडायची. "ही एक. ही दोन. ही माझ्या सासऱ्यानं तोडलेली, बघा, तो डावरा होता, त्याचा घाव उलटा पडायचा. ही माझ्या नवऱ्याची. ही शेवटली माझी, नवरा आजारी होता तवा." सात ओळी झाल्या. वर बसून खाली बघत नव्या बुटांना म्हणाली, "वारा मोजून मोडतो का रं दादा? वर ये, दाखवते."

तो वर गेला नाही. साहेब मात्र दुसऱ्या झाडाकडे गेला, तिसऱ्याकडे गेला. सगळीकडे सातच. त्यानं फोनवर नवानं गुणलं आणि आकडा कुणाला सांगितला नाही.

खाली सावलीला बसून त्यांनी अहवाल लिहिला आणि माझ्यापुढं धरला. मी पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतलं. मला वेळ लागतो. बोट ठेवून वाचते.

"मावशी, ऊन झालंय," साहेब म्हणाला.

"ऊन आमच्यावरही पडतं."

तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, "जागेवर झाडांची अवैध तोड आढळली." मी कागद परत केला. म्हटलं, "अवैध का वैध ते कोर्ट सांगेल. तुम्हाला काय दिसलं ते लिहा." बरीच हुज्जत झाली. वकीलबाई त्यांच्याशी इंग्रजीत भांडली, मी मराठीत. शेवटी त्यांनी लिहिलं, "ऐनाच्या झाडांवर ठराविक अंतराने केलेल्या जुन्या छाटणीच्या सात ओळी आढळल्या." मग मी सही केली.

जाऊ झाडावरून उतरली ती गुडघा खरचटून. मला म्हणाली, "तुझ्यासाठी नाय चढले. त्या बुटवाल्यासाठी चढले." बरं म्हटलं.

पुढं काय झालं असं लोक विचारतात. त्यांना वाटतं निकाल लागला असेल. निकाल लागला नाही. अहवाल वाचल्यावर खोटेपणाचा आरोप सरकारनं फार ताणला नाही. पण त्यांचा वकील म्हणाला, योजनेचा नमुना दिल्लीचा आहे, त्यात जमिनीचे तीनच रकाने आहेत: शेती, जंगल आणि ओसाड. निजलेल्या जमिनीला रकाना नाही. न्यायाधीश म्हणाले, दिल्लीला विचारून सांगा. दिल्ली अजून विचार करतेय. तारीख पडते, पुढची पडते. आमची नागली खाणारी माणसं एका रकान्यात बसत नाहीत, म्हणून दोन वर्षं एवढी शिकलेली माणसं बसलीत. मला त्यांची कीव येत नाही. रकाना वाढवायला एक रेघ लागते.

आणि यंदा मधल्या माळाची सहा वर्षं भरली. अलीकडच्या माळावरची खुरासणी निघाली, म्हणजे तो आता निजणार. कारभारी काठी टेकत माझ्या ओट्यावर आला आणि म्हणाला, "मधला उठतो यंदा. ऐन छाटायला घ्या."

मी वकीलबाईला फोन केला. ती घाबरली.

"आजी, हुकूम आहे, जागेत बदल करायचा नाही. ऐन छाटलात तर कोर्टाचा अवमान होईल. केस हातची जाईल."

"आणि नाही छाटला तर?"

"तारखेची वाट बघायची."

"अलीकडचा निजला, मधला उठवायचा नाही. मग पेरायचं कुठं, तुझ्या ऑफिसात? आणि पुढल्या वर्षी ते फोटो काढतील आणि म्हणतील, बघा, सहा वर्षांनी उठवतात म्हणाले होते, सात झाली. म्हणजे रीतही खोटी."

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मग म्हणाली, "कोर्टाला आधी सांगूया. कागद करते."

असा नवा कागद जव्हारला आला, त्याच टेबलावर. या वेळी मी आणि जाऊ दोघीच गेलो. जाऊला लोहाराकडे दोन कोयते पाजवून घ्यायचे होते. तिचं काम माझ्याआधी झालं. कोयते फडक्यात गुंडाळून ती पायरीवर बसली. कागद चार पानांचा होता. मी बोट ठेवून वाचत होते. सगळं बरोबर होतं. तीन वर्षं होती, सहा वर्षं होती, सात ओळी होत्या. दरवर्षी कुठंच नव्हतं. शेवटी होतं, "तरी मधला माळ रीतीप्रमाणे पिकवण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."

मी टेबलावरच्या माणसाला म्हटलं, "याच्या खाली एक ओळ घाल. राबाचा पाला होळीपर्यंत छाटावा लागतो. तोवर उत्तर आलं नाही तर आम्ही छाटणार आहोत."

तो म्हणाला, "आजी, कोर्टाला असं लिहीत नाहीत."

फोन लावला. वकीलबाई म्हणाली असं लिहू नका. मी म्हटलं, "छाटणार तर आहोतच. मग ते न लिहिता सही केली तर पुन्हा अर्धं खोटं होईल. एकदा केलं, पुरे झालं." ती म्हणाली, "आजी, यानं तुम्हाला दंड होऊ शकतो. तुरुंगही." मी म्हटलं, "माझं नाव वरच आहे, शोधायला लागणार नाही." मग तिनं त्या माणसाशी बोलून ओळ घालायला सांगितली. तिची खुशी नव्हती.

पान नव्यानं काढलं, इंग्रजीतलंही आणि मराठीतलंही. नवं पान म्हणजे परत पहिल्यापासून वाचणं. बाहेर जीपवाल्यानं भोंगा धरला. मी दुसऱ्या पानावर होते. त्यानं परत धरला.

पायरीवरून जाऊ म्हणाली, "निघाली बघ."

"निघू दे."

जीप गेली. जाऊ तिच्या मागं बघत राहिली. मग म्हणाली, "आता काय पाठीवर नेतेस मला?"

"दुसरी येईल."

"नाय आली तर?"

"तर चालू."

ती काहीतरी पुटपुटली, माझ्या माहेरच्या सगळ्यांना धरून. मग फडकं सोडून कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत बसली. म्हणाली, "वाच मग नीट. मोठ्यानं वाच. मलापण ऐकू दे कशावर मरणार ते."

मी पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं.